दिल्लीच्या परीक्षेची शिकवणी

नांदेड-लातूरकडच्या युवक महोत्सवात हल्ली एकांकिकेचा पडदा उघडला की पाच मिनिटांत शेवट कळतो. निळा प्रकाश पडतो. काळ्या टी-शर्टातली दहा-बारा पोरं घोळक्यानं येतात, झाड होतात, भिंत होतात, एसटी होतात आणि एकदम थिजतात. मधोमध फास लोंबकळत असतो. शेतकरी बाप मरतो, आई टाहो फोडते, ध्वनिमुद्रित बासरी वाजते, काळोख. विषय खोटा नाही, मराठवाड्याच्या जिव्हारी लागलेला आहे, म्हणून तर चीड येते. हा बाप कोणत्या गावचा, त्याच्या सोयाबीनला काय भाव मिळाला, कर्ज सोसायटीचं की सावकाराचं, यातलं काहीही कळत नाही. वर तो फास गळ्यात अडकवेपर्यंत सदाशिव पेठेतलं मराठी बोलतो. 'काय करायलास', 'जाऊलालाव' ही बोली उरते ती दारुड्याला आणि गड्याला, हशा वसूल करण्यापुरती.

पोरांना हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या करंडकांतून, मोबाइलवरच्या चित्रफितींतून ते झिरपत आलं आहे. शिकायची सोय मात्र आता जवळच आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या माळावर १७ सप्टेंबर १९९४ ला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. तिथं आज ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. कंधार-मुखेडच्या, अहमदपूर-औंढ्याच्या मुलाला घरापासून काही तासांवर नाटक हा पदवीचा विषय म्हणून शिकता येतो, ही गोष्ट लहान नाही. एकेकाळी त्यासाठी औरंगाबाद गाठावं लागे. दिल्लीहून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्क्यांनी सत्तरच्या दशकात तिथं नाट्यशास्त्र विभागाची घडी बसवली. त्याच गावात 'जिगीषा' ही नाट्यसंस्था जन्मली, नि मुंबईला निघून गेली. आपल्याकडे नाट्यशिक्षणाची यशोगाथा नेहमी रेल्वे स्टेशनवर संपते.

आता त्या गाडीला दिल्लीचा डबाही जोडला आहे. वर्गातल्या हुशार पोराला विचारा, पुढं काय? उत्तर ठरलेलं: एनएसडी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या अटी माहीत असतात. पदवी हवी, गाठीशी सहा नाटकं हवीत, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान हवं. मग सहा नाटकांची बेरीज सुरू होते. कुठंतरी भालदार, कुठंतरी घोळक्यातलं झाड, पण प्रमाणपत्र पाहिजे. एक उतारा अभिजात, एक आधुनिक, एक गाणं, दोन इम्प्रोव्हायझेशन घोटून घोटून पाठ. लातूर पॅटर्ननं नीटच्या परीक्षेचं जे केलं तेच आपण नाटकाचं करायला निघालो आहोत. फरक एवढाच की तिकडं पास होणारे पोत्यानं निघतात, इकडं देशभरातून तीसेक पोरं घेतली जातात.

दिल्लीच्या संस्थेची थोरवी मी नाकारत नाही. पुण्यात जन्मलेल्या अल्काझींनी १९६२ ते १९७७ या काळात तिथं संचालक म्हणून काय केलं ते 'अंधा युग', 'तुघलक' ऐकूनही ज्यांना माहीत नाही त्यांनी हा लेख इथंच सोडावा. सई परांजपे, उत्तरा बावकर, रोहिणी हट्टंगडी, बीड जिल्ह्यातून गेलेले नि पुढं विद्यालयाचे संचालक झालेले वामन केंद्रे अशी आपली माणसं तिथं घडली. पण ज्या गोष्टीचं कौतुक व्हायला हवं तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. १९५९ ला शाळा निघाली आणि १९६४ ला रेपर्टरी. शिकलेल्या नटाला पगार देऊन नाटक करायला लावणारी मंडळी. उत्तरा बावकर तिथं वर्षानुवर्षं राहिल्या म्हणून त्या उत्तरा बावकर झाल्या. आपण दिल्लीकडून वर्ग घेतला, अभ्यासक्रम घेतला, थिएटर गेम्स घेतले आणि पगार तेवढा विसरलो.

 

आणि नटाला जे शिकायला हवं ते तर आपल्या दाराशीच आहे. पहिला पुरावा घरचाच. नांदेडच्या दत्ता भगतांचं 'वाटा पळवाटा' पुन्हा वाचा. एका प्राध्यापकाचं घर, त्यात आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या. बाबासाहेबांना पाहिलेले काका, विचार करून पाऊल टाकणारा सतीश, भडकलेला अर्जुन. आणि ब्राह्मण घरातून आलेली हेमा. नुसतं बोलणं आहे, तरी खोलीतली हवा तापत जाते, कारण प्रत्येकाचं म्हणणं त्या त्या क्षणी बरोबर वाटतं. काळा टी-शर्ट लागत नाही, बासरी लागत नाही. नटाला लागतं ते समोरच्याचं ऐकणं, आणि आमच्या एकांकिकांतून नेमकं तेच हद्दपार झालं आहे.

दुसरा पुरावा जालन्याचा. जांब समर्थच्या राजकुमार तांगड्यांनी 'आकडा' लिहिलं, मग 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला'. २०१२ ला ते नंदू माधवांनी बसवलं. दिवसा शेतात राबणाऱ्या पोरांनी ते राज्यभर गाजवलं. त्या पोरांची बोली कुणी धुऊन स्वच्छ केली नव्हती. यमराज जेव्हा मराठवाडी ढंगाच्या मराठीत बोलतो तेव्हा हशा येतो, पण तो बोलीला नाही, परिस्थितीला येतो. ही गोष्ट वाचिक अभिनयाच्या तासाला शिकवायची.

आणि तिसरा पुरावा विष्णुपुरीहून तासाभराच्या आत, लोहा तालुक्यातल्या माळेगावी. मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते, एकीकडे घोडे-गाढवांचा बाजार, दुसरीकडे तमाशाच्या कनाती. फडात पोरगं आधी तंबूच्या खुंट्या ठोकतं, मग मागं झीलकरी म्हणून उभं राहतं, तुणतुणं धरतं, आणि कधीतरी सोंगाड्या आजारी पडला की पुढं ढकललं जातं. बतावणीत पुढच्या रांगेतून एखादा आडवा बोलला तर सोंगाड्या त्यालाच नाटकात ओढतो. सरपंच आहे का, घोडा विकायला आलाय का, बायकोला सांगून आलाय का. त्या माणसाच्या तीन उत्तरांवर दहा मिनिटं निघतात आणि मग ढोलकीची थाप पडून वग जिथं होता तिथून पुढं जातो. स्तानिस्लाव्हस्की ज्याच्यासाठी आयुष्यभर घाम गाळत होता ती 'आत्ता, इथं' असण्याची हातोटी हा माणूस सुपारीच्या रकमेत देतो. तमाशाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. बरेचसे फड आता सिनेमाच्या गाण्यांवर चालतात, कर्जात बुडालेले आहेत आणि बाईच्या वाट्याला काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथं शिक्षण आणि पोट एकाच तंबूत असतं. आमच्या पदवीत ते नाही.

पदवीनंतर काय असतं? नेट-सेट, मग तासिका तत्त्वावर मास्तरकी, मग पुढच्या बॅचला तोच उतारा घोटवणं. शाळेत चित्रकलेचा शिक्षक असतो, पीटीचा असतो, नाटकाचा नसतो. उरते हौशी राज्य नाट्य स्पर्धा: नांदेड केंद्रावर एक प्रयोग, निकाल, सेट अडगळीत. उरलेले मालिकेच्या दारात.

म्हणून म्हणतो, दिल्लीकडे पाहणं थोडं आवरा, शेजारी पाहा. शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांतलं खेडं. के. व्ही. सुब्बण्णांच्या 'निनासम' या संस्थेनं तिथं १९८० ला नाट्यशाळा काढली, आणि १९८५ ला 'तिरुगाट' ही फिरती मंडळी. शाळेतून निघालेली पोरं नाटकं घेऊन कर्नाटकभर हिंडतात. म्हैसूरला सरकारनं १९८९ मध्ये 'रंगायण' ही नाटक मंडळी उभारली, पुढं तिची शाखा कलबुर्गीला आली. कलबुर्गीला! लातूरला लागून बीदर, बीदरला लागून कलबुर्गी. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ते आणि आम्ही एकाच निजामाची रयत, सारख्याच दुष्काळाचे, सारख्याच मागासलेपणाचे. त्यांच्याकडे सरकारी पगारावर नाटक करणारी मंडळी आहे. आपल्याकडे निवेदनं आहेत.

दिल्लीकडून काही येईल म्हणाल, तर २०१८ मध्ये एनएसडीनं थिएटर ऑलिम्पिक हा नाट्यमहोत्सव १७ शहरांत भरवला. तेव्हाचे संचालक वामन केंद्रे मराठवाड्याचे होते. महाराष्ट्रातून शहर निवडलं गेलं ते मुंबई. ह्यात कुणा व्यक्तीचा दोष नाही. राष्ट्रीय संस्थेचा नकाशाच तसा असतो. ती बंगळुरू, वाराणसी, गंगटोक, आगरतळ्याला केंद्र काढते, उद्या महाराष्ट्रात काढलं तरी ते लोह्याच्या पोरासाठी नसेल.

प्रेक्षक कुठं आहे, असा प्रश्न लगेच येतो. माळेगावला तिकीट काढून बसतो तो कोण असतो? पैसा कुठून येणार, हा दुसरा. सभागृह बांधायला निघतो, नूतनीकरणाला निघतो, उद्घाटनाच्या मंडपाला निघतो. त्यात उभं राहणाऱ्या नटाला महिन्याला पगार म्हटलं की तिजोरी आटते. विष्णुपुरीच्या विद्यापीठाच्या हाताखाली नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे आहेत. प्रत्येक तालुक्यात किमान एक महाविद्यालय, म्हणजे किमान एक सभागृह. विद्यापीठानं एक पगारी फिरती मंडळी काढावी. एक टेम्पो, दोन नाटकं, डझनभर माणसं, तीन वर्षांचा करार, वर्षाकाठी शंभर प्रयोगांची सक्ती: यापेक्षा जास्त काही मागत नाही. पहिलं नाटक 'वाटा पळवाटा' असावं. निवड चाचणी विष्णुपुरीत न घेता माळेगावच्या जत्रेत, कनातीत घ्यावी, आणि परीक्षकांत एक सोंगाड्या बसवावा. उमेदवाराचा पाठ केलेला उतारा त्यानं मध्येच तोडला तर तक्रार चालणार नाही.