'राजी' : एक परीक्षण

संगणकावरील खेळाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कां यावें, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. आमचें उत्तर असें कीं, ज्या कृतींत कथा आहे, पात्रें आहेत आणि रसनिष्पत्तीचा हेतु आहे, तिला पोरखेळ म्हणून दूर सारणें हें टीकाकाराचें काम नव्हे. चित्रपटाविषयींही आमच्या वडीलधाऱ्यांनीं एके काळीं असेंच नाक मुरडलें होतें. 1933 सालीं कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या 'प्रभात'नें 'संत तुकाराम' (1936) काढून तीं नाकें सरळ केलीं.

त्याच पुण्यांत श्रुति घोष, अविचल सिंग व इयन मॉड या त्रयीनें 'नॉडिंग हेड्स गेम्स' हा स्टुडिओ काढला. लोकवर्गणीनें भांडवल उभें करण्याचा त्यांचा 2017 सालचा यत्न फसला. तथापि त्यांनीं हातचें काम सोडलें नाहीं. 2020 च्या ऑगस्टांत 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याची गणना झाली.

कथा साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी पोर. राखीच्या सणांत असुर तिच्या भावास, गोलूस, पळवितात, आणि ती त्याच्या शोधार्थ निघते. वरून दुर्गा व विष्णु तिच्याकडे पाहत तिच्याविषयीं बोलत असतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर रंगविले आहेत. महाल व कमानी राजस्थानी वळणाच्या आहेत. डोळ्यांस हें सारें सुखवितें.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. कड्याच्या आठवडे बाजारांत ढोलकीच्या तालावर दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची पोर आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. तिच्या ताटलींत एक पैसा टाकून आम्हीं पाठ फिरविली. आमच्या कादंबरीकारांनींही बहुधा तेंच केलें. येथें तीच पोर नायिका झाली आहे. भिंतीवरून धांवणें, खांबास गिरकी घेऊन शत्रूवर झेपावणें, हें तिचें पोटार्थी कसबच तिचें शस्त्र बनतें. जेथें असें घडतें तेथें खेळ खरोखर उंच चढतो. जेथें देवांनीं दिलेलीं आयुधें सर्व कार्य करूं लागतात, तेथें राजी निमित्तमात्र उरते आणि आमची उत्सुकता मंदावते.

दोष आणखी दोन आहेत. कथेचा शेवट अर्ध्यावर तुटतो. पुढील भागाची आशा दाखवून वाचकास दारांतच उभें करणें हें कादंबरींत खपत नाहीं, तें येथेंही खपूं नये. दुसरा दोष भाषेचा. ही पोर आरंभीं इंग्रजी बोलली, आणि 2022 च्या सुधारित आवृत्तींत हिंदी. जगाच्या बाजारांत उतरणाऱ्यास इंग्रजी टाळतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण पुण्यांत घडलेल्या नायिकेच्या तोंडीं पुण्याची भाषा नसावी, आणि छायाबाहुल्यांचा आधार घेतांना पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची आठवण होऊं नये, याचें आम्हांस वाईट वाटतें.

तरीही या त्रयीचे आम्ही ऋणी आहों. त्यांनीं दोरावरच्या पोरीकडे मान वर करून पाहावयास लाविलें. ती मराठींत काय बोलेल, हें लिहिण्याचें काम मात्र त्यांचें एकट्याचें नव्हे; तें आम्हां लेखण्या धरणाऱ्यांचें होतें, आणि आम्हीं तें केलेलें नाहीं.