नाव झाकलेली कथा : ऑनलाइन कथास्पर्धा आणि नवोदित मराठी कथाकार

प्रस्तावना

मराठी कथेचा इतिहास हा बव्हंशी नियतकालिकांचा इतिहास आहे. हरिभाऊ आपटे यांच्या ‘करमणूक’ने १८९० पासून स्फुट गोष्टीला हक्काचे घर दिले. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा रूढ केली. स्वातंत्र्योत्तर काळात ‘सत्यकथा’ने नवकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. या प्रत्येक टप्प्यावर नवोदित लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक उभा होता. ‘मायबोली’ (१९९६), ‘मिसळपाव’ (२००७) ही संकेतस्थळे आणि त्यानंतर ‘प्रतिलिपी’ (२०१४) यांसारखी माध्यमे आल्यावर संपादकाच्या होकाराची वाट न पाहता कथा प्रसिद्ध करणे शक्य झाले. त्याबरोबरच ऑनलाइन कथास्पर्धा ही अनेक नवलेखकांसाठी साहित्यव्यवहारातील पहिली पायरी ठरली. ही स्पर्धा लेखकाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनामिकतेचे मूल्य

स्पर्धेचे मर्म स्पष्ट करणारे एक उदाहरण मराठीतच उपलब्ध आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा जयंत विष्णु नारळीकर यांची होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांनी पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली होती. १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाला आपल्या नावाने कोणत्याही संपादकाकडे कथा देता आली असती. तरीही त्यांनी नाव झाकले, कारण निर्णय कथेचा व्हावा, कथाकाराचा होऊ नये, ही त्यांची अपेक्षा होती.

ख्यातनाम व्यक्तीला नाव झाकल्याने निखळ अभिप्राय मिळतो. अप्रसिद्ध व्यक्तीला त्याच व्यवस्थेमुळे न्याय मिळतो. आडगावच्या एखाद्या विद्यार्थिनीची कथा आणि महानगरातील प्रस्थापिताची कथा परीक्षकासमोर एकाच पातळीवर येतात. संपादकीय निवडीत ही समानता क्वचितच साधते. स्पर्धेची नैतिक बैठक याच अनामिकतेत आहे.

लोकमताचा कौल

अनेक ऑनलाइन स्पर्धांत नेमकी हीच बैठक डळमळीत होते. कथा लेखकाच्या नावासह आणि छायाचित्रासह प्रसिद्ध होते. वाचकसंख्या, पसंतीच्या खुणा व तारांकने यांना निकालात स्थान मिळते. मग लेखक आप्तेष्टांना, मित्रांना व सहकाऱ्यांना दुवे पाठवून मते मागू लागतो. अशा निकालातून कथेच्या गुणवत्तेपेक्षा लेखकाच्या परिचयाचा विस्तार मोजला जातो. ज्याचा गोतावळा लहान, त्याची कथाही लहान ठरते.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. दोष वाचकांच्या मताचा नाही, उघड्या नावाचा आहे. काही संकेतस्थळांच्या शतशब्दकथा स्पर्धांत निकालापर्यंत लेखकाचे नाव गुप्त ठेवण्याची पद्धत अवलंबिली गेली. अशा स्थितीत सामान्य वाचकही परीक्षकाच्या भूमिकेत येतो आणि त्याचा कौल अर्थपूर्ण ठरतो. माध्यम बदलल्याने न्याय अशक्य होत नाही. तो नियमावलीवर अवलंबून असतो.

संपादकाची उणीव

स्पर्धा निर्णय देते, परंतु संस्कार देत नाही. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांची संपादकीय परंपरा कथेच्या पुनर्लेखनाचा आग्रह धरणारी होती. कथा कोठे सैल पडली, कोणते पात्र अपुरे राहिले, हे लेखकाला कळविले जाई. ऑनलाइन स्पर्धेतील बहुसंख्य सहभागी लेखकांच्या हाती मात्र केवळ विजेत्यांची यादी येते. आपली कथा का मागे पडली, याचे उत्तर मिळत नाही. लेखनाच्या दृष्टीने ‘साभार परत’ या शब्दांपेक्षाही हे मौन अधिक निष्फळ आहे.

अर्थात संपादकसत्तेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये मुंबईत तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. अभिरुचीचे दार मोजक्याच लोकांसाठी उघडते, ही त्यामागील तक्रार होती. ऑनलाइन स्पर्धेने ते दार उघडले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय मान्य करावे लागते. परंतु दार उघडल्यावर आत कोणी बोलणारे नसेल, तर प्रवेशाचे मोल कमी होते.

कथारूपावरील परिणाम

गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने मराठी कथेला तंत्राच्या चौकटीतून मुक्त केले. गुंतागुंत, परमोच्च बिंदू आणि उकल या ठरीव क्रमाऐवजी मनोव्यापार, परिसर आणि अनुभवाची संमिश्रता यांना महत्त्व आले. दिलेला विषय, मोजकी शब्दमर्यादा आणि भ्रमणध्वनीवरील वाचन यांमुळे स्पर्धेची कथा पुन्हा त्या जुन्या चौकटीकडे झुकते. पहिल्या चार ओळींत चमक आणि शेवटच्या ओळीत धक्का हे तिचे सूत्र बनते. धक्का हा परिणामकारक असतो. पण तो एकदाच लागतो. ‘माणदेशी माणसं’मधील व्यक्तिचित्रे पुनःपुन्हा वाचली जातात, कारण त्यांचे सामर्थ्य शेवटच्या ओळीवर अवलंबून नाही.

शब्दमर्यादा ही स्वभावतः घातक नाही. काटकसर ही कथालेखकाची आवश्यक साधना आहे. मात्र एकामागून एक स्पर्धांसाठीच लिहिणारा लेखक स्वतःचा विषय शोधण्याऐवजी दिलेल्या विषयाची वाट पाहू लागतो. येथे सरावाचे रूपांतर परावलंबनात होते.

हक्कांचा प्रश्न

नवलेखक सामान्यतः नियमावली न वाचता सहभागी होतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदतीचा उल्लेख नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. कलम ५७ नुसार हक्क दिल्यानंतरही कर्तृत्वावरील दावा लेखकाकडेच राहतो. या तरतुदींची माहिती नसल्यास, पारितोषिक मिळो वा न मिळो, कथेच्या ध्वनिमुद्रण, अनुवाद वा रूपांतराबाबत आयोजकांनी घातलेल्या अटी लेखक नकळत मान्य करतो.

दुसरी अडचण ‘अप्रकाशित’ या अटीची आहे. २०१२ पासून दिल्या जाणाऱ्या राष्ट्रकुल कथा पारितोषिकासाठी कथा अप्रकाशित असणे आवश्यक ठरविण्यात आले आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेली कथा प्रकाशितच मानली गेली. अनेक दिवाळी अंकांचाही असाच आग्रह असतो. त्यामुळे एखाद्या किरकोळ स्पर्धेत टाकलेली उत्तम कथा पुढील मोठ्या संधीस मुकू शकते.

निष्कर्ष

ऑनलाइन कथास्पर्धेने नवोदितांना प्रवेश दिला. परंतु न्याय आणि मार्गदर्शन या दोन गोष्टी तिच्यातून आपोआप निष्पन्न होत नाहीत. लेखकाचे नाव निकालापर्यंत गुप्त राहते काय, परीक्षकांची नावे जाहीर आहेत काय, अभिप्राय मिळतो काय आणि हक्क कोणाकडे राहतात, या चार निकषांवर स्पर्धेची निवड व्हावी.

यातील अभिप्रायाची उणीव महाविद्यालयीन स्तरावर भरून काढता येण्यासारखी आहे. वार्षिक नियतकालिकासाठी आलेल्या कथा नाव झाकून वाचणे आणि प्रत्येक कथेवर चार ओळींचे टिपण विद्यार्थ्याच्या हाती देणे, यासाठी निधीची गरज नाही. गरज आहे ती अध्यापकाने सवड काढून कथा वाचण्याची. स्पर्धेत अपयशी ठरलेला विद्यार्थी दुसरी कथा लिहील की लेखन सोडून देईल, हे अनेकदा त्या चार ओळींवर ठरते.