निधी अक्षय, तक्रारीला मात्र मुदत

मागच्या वेळी आपण कृतज्ञतेच्या कल्पनेपाशी थांबलो होतो. कृतज्ञता ही भावना आहे की कर्तव्य, असा प्रश्न एका श्रोत्याने शेवटी विचारला होता आणि वेळ संपल्यामुळे आम्ही तो आजवर ढकलला. आज त्याच प्रश्नाचा अगदी व्यवहारातला एक नमुना घेऊ या. कृतज्ञता बँकेत ठेव म्हणून ठेवली, तर तिचं काय होतं?

अक्षयनिधी हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर काम चालवायचे. त्या व्याजातून दरवर्षी एक स्मृतिव्याख्यान होते, एखादे पदक दिले जाते, रक्कम मोठी असेल तर विद्यापीठात अध्यासन उभे राहते. आता बघा, ‘अक्षय’ हे विशेषण मुळात पैशाचे आहे. पण निधीला कुणाचे नाव दिले की ते विशेषण नकळत त्या नावालाही चिकटते. मुद्दल शाबूत आहे की नाही हे हिशेब तपासनीस दरवर्षी पाहतो. नाव शाबूत राहण्याच्या लायकीचे आहे की नाही, हे तपासायला मात्र कुणी नेमलेला नसतो.

वैद्यकात ही प्रथा फार जुनी आहे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वे यांनी १६५६ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सला केंटमधली आपली वडिलोपार्जित जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून दरवर्षी एक भाषण व्हावे, ही त्यांची अट. त्या भाषणात काय असावे? कॉलेजच्या उपकारकर्त्यांचे स्मरण, प्रयोगाने निसर्गाचा शोध घेत राहण्याचे आवाहन आणि सदस्यांनी आपसात स्नेहाने राहावे असा उपदेश. हे भाषण आजही होते. ‘माझी स्तुती करा’ अशी अट हार्वेंनी घातली नाही, हे आपण लक्षात ठेवू या. स्मरण होते, पण त्याचे तोंड पुढच्या कामाकडे होते.

पुढे वैद्यकाच्या शाखा वाढल्या आणि प्रत्येक शाखेने आपापले पूर्वज निवडले. हृदयरोगवाल्यांचे वेगळे, नेत्ररोगवाल्यांचे वेगळे. एखाद्या शाखेतली माणसं मोजकी, सगळे एकमेकांना ओळखणारे, गुरुशिष्यांचे धागे घट्ट. अशा वर्तुळात कुणाच्या नावाने निधी उभारला जातो यावरून ती शाखा स्वतःला काय समजते हे कळते. म्हणून अशा निधीची समीक्षा करणे म्हणजे एका माणसाचा न्याय करणे नव्हे. त्या शाखेने स्वतःची जी तसबीर काढून भिंतीवर लावली आहे, तिची ती समीक्षा असते.

उदाहरण घेऊ त्वचारोगशास्त्राचे. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन नावाचे प्राध्यापक होते. जन्म १९१६, मृत्यू २०१०. गरीब स्थलांतरित कुटुंबातला मुलगा स्वतःच्या बुद्धीवर वर आला. मुरुमांवरचे ट्रेटिनॉइन हे मलम त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि ‘रेटिन-ए’ या नावाने ते जगभर गेले. आमच्या नातीला कॉलेजात असताना डॉक्टरांनी ट्रेटिनॉइनचीच ट्यूब लिहून दिली होती. तेव्हा क्लिगमन यांच्या कामाचे लाभार्थी आपणही आहोत, हे आधीच कबूल करून पुढे जाऊ. त्यांनी आपल्या विभागाला मोठ्या देणग्या दिल्या. त्यांच्या नावाने व्याख्यान सुरू झाले, अध्यासन झाले.

आता याच कामाची दुसरी बाजू. फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१ च्या सुमारास तिथे कैद्यांच्या पायांना बुरशीजन्य त्वचारोगाची साथ आली, म्हणून क्लिगमन यांना बोलावले गेले. साथ बघायला गेलेले डॉक्टर पुढे १९७४ पर्यंत तिथे प्रयोग करत राहिले. सौंदर्यप्रसाधनांपासून ते सैन्याला हव्या असलेल्या रसायनांपर्यंत अनेक गोष्टींची चाचणी कैद्यांच्या अंगावर झाली. डाऊ केमिकल या कंपनीसाठी डायॉक्सिन हे घातक रसायनही कैद्यांच्या त्वचेवर लावले गेले. या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. पुष्कळ जणांवर अजून खटलाही चाललेला नव्हता, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून ते आत होते. प्रयोगाला बसले की पैसे मिळत, तेही तुरुंगातल्या इतर कामाच्या मानाने कितीतरी जास्त. आपल्यावर नेमके काय लावले जाते आहे, हे अनेकांना कळले नाही.

तुरुंगात पहिल्यांदा गेल्यावर आपल्याला काय वाटले, हे सांगताना क्लिगमन यांनी सुपीक शेत प्रथमच पाहणाऱ्या शेतकऱ्याची उपमा वापरली होती. माणसं नव्हे, एकरच्या एकर कातडी. त्यांच्या त्याच उद्गारातून ॲलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली आपल्या पुस्तकाचे नाव घेतले, ‘एकर्स ऑफ स्किन’. हॉर्नब्लम तरुणपणी त्याच तुरुंगात शिकवायला जात, तिथे कैद्यांच्या पाठीवरच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या होत्या. शेतकऱ्याची उपमा आपल्याला जवळची आहे, म्हणून ती जास्त बोचते. शेतकरी शेताला विचारत नाही, हे खरे. पण शेताला वेदना होत नाही.

२०२१ साली विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेने माफी मागितली. क्लिगमन व्याख्यान बंद केले. अध्यासनाचे नाव बदलून त्याच विभागातले दिवंगत कृष्णवर्णीय त्वचारोगतज्ज्ञ बर्नेट जॉन्सन यांचे नाव दिले. कृष्णवर्णीयांच्या त्वचारोगांवरचे संशोधन आणि त्या समाजातल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण यांकडे पैसा वळवण्याचे ठरवले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया शहरानेही माफी मागितली.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही गंभीर आहेत, म्हणून एकेक पाहू.

पहिला आक्षेप असा की माणूस वेगळा आणि काम वेगळे. मलमाने मुरूम जातात, मग ते लावणारा कसा का असेना. हे खरे आहे, आणि म्हणूनच मलम कुणी बंद केले नाही. पण निधी मलमाच्या नावाने नव्हता, माणसाच्या नावाने होता. पाठ्यपुस्तकात शोधकर्त्याचे नाव येते ती नोंद असते. दरवर्षी तरुण डॉक्टरांना गोळा करून त्याच नावाने भाषण ठेवायचे, हा अनुकरणाचा सल्ला असतो. नोंद पुसायची नाही. सल्ला मात्र मागे घेता येतो, कधी कधी घ्यावाच लागतो.

दुसरा आक्षेप काळाचा. तेव्हा तसंच चालायचं, आजच्या मापाने कालच्याला मोजू नका. हे आम्ही वर्गात अनेक वर्षे ऐकले आहे. पण इथे तारखा बघा. न्यूरेंबर्गच्या खटल्यातून स्वेच्छासंमतीचे तत्त्व १९४७ साली जगापुढे मांडले गेले होते, तेही अमेरिकी न्यायाधीशांनी. होम्सबर्गचे प्रयोग त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाले. माप आजचे नाही, कालचेच आहे. आणि क्लिगमन यांनी शेवटपर्यंत आपली चूक मान्य केली नाही.

आणखी मागे जायचे तर नॉर्वेत जाऊ. गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा रोग संसर्गजन्य आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश सुईने टोचला. १८८० साली बर्गनच्या न्यायालयात खटला झाला आणि हॅन्सन यांना तिथल्या रुग्णालयातले पद गमवावे लागले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातही एका गरीब बाईची संमती न्यायालयात मोजली गेली होती.

मग विचाराल, हॅन्सन यांचे नाव त्या रोगाला अजून कसे? इथे गोष्ट गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या रुग्णांनी स्वतःच ‘हॅन्सनचा आजार’ या नावाचा आग्रह धरला होता, कारण जुन्या शब्दाला चिकटलेला कलंक त्यांना नकोसा झाला होता. आपल्याकडे ‘महारोगी’ हा शब्द ज्यांनी ऐकून घेतला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणजे नाव देताना विचारायचा प्रश्न इतकाच नाही की हा माणूस थोर होता का. हे नाव कुणाला हवे आहे आणि कुणाच्या जखमेवर ते रोज पडणार आहे, हाही आहे. हॅन्सन यांचे नाव रुग्णांनी ढाल म्हणून घेतले. क्लिगमन यांचे नाव होम्सबर्गच्या कैद्यांनी कुठे घेतले, तर तक्रारीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. पैशाला वास नसतो, त्यातून चांगले काम होते, ते कशाला थांबवता? थांबवू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण इथेच २०२१ च्या निर्णयावर आमची टीका आहे. नाव बदलले, पैसा चांगल्या कामाकडे वळला, संस्थेची मान हलकी झाली. ज्यांच्या अंगावर प्रयोग झाले त्या माणसांचे काय? २००० साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला होता. तो फेटाळला गेला. का? दावा दाखल करण्याची मुदत उलटून गेली म्हणून.

मंडळी, इथे जरा थांबू या. सन्मानाच्या निधीला मुदत नसते, तो अक्षय असतो. जखमेच्या तक्रारीला मात्र मुदत असते. गौरव करायला कायदा अनंत काळ देतो आणि गाऱ्हाणे मांडायला मोजकी वर्षे. आमच्या दृष्टीने या प्रकरणातला खरा अन्याय इथे आहे. एका नावाच्या जागी दुसरे, कितीही चांगले, नाव आणून तो दूर होत नाही.

आता परदेशातल्या विद्यापीठाला उपदेश करून आपण मोकळे व्हायचे का? नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यान हा मराठी माणसाचा आवडता सोहळा आहे आणि स्मृतिव्याख्यानांना आपल्याकडे तोटा नाही. नोकरीत असताना आम्ही अशाच एका समितीवर होतो. संस्थेचे नाव घेत नाही. निधी एका दिवंगत डॉक्टरांच्या नावाचा. एका वर्षी वक्त्याने भाषणाचा मसुदा आधी पाठवला. त्यात एका परिच्छेदात त्या डॉक्टरांनी गरीब रुग्णांना दिलेल्या वागणुकीबद्दल चार सरळ वाक्ये होती. समितीने तो परिच्छेद गाळायची विनंती केली. देणगीदार कुटुंब पहिल्या रांगेत बसणार होते ना! त्या पत्रावर आमचीही सही होती. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट त्या दिवशी काही कामी आली नाही.

म्हणून, स्वतःलाही बांधून घेत, तीन सूचना मांडतो. एक, निधी अक्षय ठेवा, नाव मुदतीचे ठेवा. पंचवीस वर्षांनी त्या शाखेतल्या लोकांनी उघडपणे बसून ठरवावे की हे नाव पुढे चालवायचे का. योग्य नावाला या परीक्षेची भीती नाही. दोन, स्मृतिव्याख्यानाची पहिली दहा मिनिटे स्तुतीसाठी न देता हिशेबासाठी द्या. हे काम कुणाच्या श्रमावर, कुणाच्या शरीरावर उभे राहिले, ते त्यात सांगा. तीन, जिथे इजा झाल्याचे मान्य केले आहे, तिथे व्याजाचा खर्च कसा व्हावा हे ठरवताना इजा झालेल्यांना किंवा त्यांच्या वारसांना मत असू द्या. त्यांच्या नावाने चांगले काम करणे आणि त्यांना विचारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होम्सबर्गमध्ये नेमके हे विचारणेच राहून गेले होते.

आता त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे. कृतज्ञता भावना की कर्तव्य? ती कर्तव्य असेल, तर ऋण कुणाकुणाचे आहे याची यादी पूर्ण करणे हा त्या कर्तव्याचा पहिला भाग आहे. नातीच्या त्या ट्यूबसाठी आपण एका प्राध्यापकाचे ऋणी आहोत. फिलाडेल्फियाच्या तुरुंगात पाठ उघडी करून बसलेल्या माणसांचेही आहोत. पहिल्याच्या नावाचे अध्यासन झाले. दुसऱ्यांची नावे आम्हाला कुठल्या निधीवर दिसली नाहीत.

वेळ झाली. प्रश्न पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.