संबोधनाचा प्रवास : 'द कलर पर्पल'मधील श्रद्धा आणि भगिनीभाव

ॲलिस वॉकर यांच्या 'द कलर पर्पल' (१९८२) या पत्रात्म कादंबरीतील सीली प्रारंभी देवाला पत्रे लिहिते. पुढे ती बहिणीला, नेटीला, लिहू लागते. हा श्रद्धेकडून स्त्रीवादाकडे झालेला प्रवास होय, असा अन्वयार्थ सहज सुचतो. संहिता मात्र त्याला दुजोरा देत नाही.

मुळात देव हा सीलीने निवडलेला श्रोता नव्हे. तिच्यावर अत्याचार करणारा, ज्याला ती बाप समजते तो पुरुष, देवाखेरीज कोणालाही सांगू नकोस, असे तिला बजावतो. त्यामुळे पहिले संबोधन ही प्रार्थना आहे, तशीच लादलेल्या मौनाची खूणही आहे. सीलीच्या मनातला हा देव गोरा आणि पुरुष आहे. नेटीची पत्रे नवऱ्याने वर्षानुवर्षे दडवल्याचे उघड होते, तेव्हा तिच्या लेखी तो बहिरा ठरतो. ब्लूज गायिका शुग ॲव्हरी तिला चर्चबाहेरचा, स्त्री-पुरुषभेदापलीकडचा देव दाखवते. अखेरच्या पत्रात देव संबोधनात परततो. पण तारे, झाडे, आकाश आणि माणसे यांच्यासह. श्रद्धा लोपत नाही. भगिनीभावातून तिची पुनर्रचना होते.

हा भगिनीभाव सर्व स्त्रियांना आपोआप लाभत नाही. महापौराच्या पत्नीची मोलकरीण होण्यास सोफिया नकार देते. त्यापायी तिला अमानुष मारहाण आणि तुरुंगवास सोसावा लागतो व अखेरीस त्याच घरी राबावे लागते. वॉकर यांनी १९८३च्या निबंधसंग्रहात विशद केलेल्या 'वुमनिस्ट' या संज्ञेचा आधार घेणाऱ्या डेलोरेस विल्यम्स 'सिस्टर्स इन द वाइल्डरनेस' (१९९३) या ग्रंथात बायबलमधील हागारकडे वळतात, ते याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते. सारा आणि हागार दोघी स्त्रियाच. तरी एक मालकीण, दुसरी दासी. विल्यम्स यांच्या मते तेथे देव हागारला मुक्त करत नाही, तर तगून राहण्याचे बळ देतो.

या कसोटीवर कादंबरीचा शेवट दुबळा वाटतो. सीलीला घर मिळते, नवरा निवळतो, बहीण परतते. जणू श्रद्धेला कथानकानेच पावती द्यावी. हागारला अशी पावती नाही. म्हणूनच कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लेखनाचे मूल्यमापन करताना नायिका आस्तिक की नास्तिक, हा प्रश्न अपुरा ठरतो. ती कोणाला उद्देशून बोलते आणि तो श्रोता तिच्यासाठी कोणी नेमला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.