राष्ट्राचा इतिहास, अंगाने सांगितलेला

पॅरिसमधलं एक नाचघर. बायका येतात, आरशात स्वतःला न्याहाळतात, खुर्च्यांवर बसतात. मागून पुरुष येतात. शेवटपर्यंत संवाद म्हणून एक शब्द उच्चारला जात नाही. झां-क्लोद पांशना यांनी १९८१मध्ये बसवलेलं ‘ल बाल’ हे नाटक आणि त्यावरून एत्तोरे स्कोला यांनी १९८३मध्ये केलेला चित्रपट या एका खोलीत फ्रान्सची जवळजवळ पन्नास वर्षं उलगडतात. साल कळतं ते संगीतावरून: आधी अकॉर्डियन, मग स्विंग, रॉक, शेवटी डिस्को. जर्मन अधिकारी नाचासाठी हात पुढे करतो, बायका तोंड फिरवतात आणि एक फितूर त्याच्याबरोबर नाचतो. परक्या राजवटीची लाज याहून नेमकी मांडलेली मी पाहिलेली नाही.

शब्द काढून घेतले की नाटकाला ना पुढाऱ्याचं नाव सांगता येतं, ना तहाची तारीख, ना युद्धाचं कारण. उरतात ती नाचणारी, राबणारी, भुकेलेली माणसं. या कलेचं बळ मला इथे दिसतं, आणि तिची परीक्षाही इथेच होते.

तैवानच्या लिन ह्वाय-मिन यांनी हे ओळखलं होतं. ‘क्लाउड गेट’ या त्यांच्या नृत्यसंस्थेचं ‘लेगसी’ हे नृत्यनाट्य १६ डिसेंबर १९७८ रोजी चियायी शहरात प्रथम सादर झालं. अमेरिका तैवानशी राजनैतिक संबंध तोडत असल्याचं त्याच दिवशी तिथे कळलं होतं. चीनहून समुद्र ओलांडून आलेल्या पूर्वजांची ही कथा. सरावासाठी नर्तक नदीपात्रात दगड उचलत, त्यामुळे त्यांच्या पावलांत शेतकऱ्याचं वजन आलं. पांढऱ्या कापडाचा खवळलेला समुद्र आजही थरारून सोडतो. मात्र त्या बेटावर आधीपासून राहणारे आदिवासी या कथेत जवळपास नाहीत. निःशब्द नाट्यात असं वगळणं सहज खपतं, कारण प्रश्न विचारायला कोणाला तोंडच नसतं.

आपल्याकडची सुरुवात मुंबईची. इप्टा या जननाट्य संघटनेच्या, अंधेरीत राहणाऱ्या मध्यवर्ती पथकाने शांती बर्धन यांच्या दिग्दर्शनाखाली बंगालच्या दुष्काळाच्या सावलीत ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ बसवलं. पुढे ‘इंडिया इमॉर्टल’ आलं, त्याचं संगीत रविशंकर यांचं. त्यांत गाणी होती, तरी मुख्य भार अंगावर होता. १९५२मध्ये बर्धन यांनी मुंबईतच लिटल बॅले ट्रूप काढली. कठपुतळीसारख्या हालचालींतलं त्यांचं ‘रामायण’ अजोड होतं. दोनच वर्षांत ते गेले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी संस्था जगवली, पण ती ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला गेली. मुंबईने ही परंपरा हातची जाऊ दिली याची मला खंत वाटते. आज आपल्या भव्य ऐतिहासिक प्रयोगांत निवेदक सगळं सांगून टाकतो आणि शेकडो कलावंत त्याच्या आवाजामागे चित्र होऊन उभे राहतात. प्रेक्षकाच्या डोळ्यांवर इतका अविश्वास कशासाठी?

विषयांची वाण नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप घ्या. साच्यांचा खडखडाट, पाळीचा भोंगा, चाळीच्या खोलीत आळीपाळीने झोपणारी माणसं. या इतिहासाचं संगीत आणि हालचाल तयारच आहे. भोंगा थांबल्यावर ती शरीरं काय करतात, इथून तालीम सुरू करता येईल. मात्र त्या रांगेत बदली कामगार हवा, आणि खानावळ चालवून संपकऱ्यांना जेवू घालणारी बाईसुद्धा.