नोंदवहीतली एलन आणि आत्मकथनातली एलन

गिरणीत राबलेल्या एखाद्या बाईचे कूळ शोधायचे तर कोणत्या कागदाकडे जायचे? एलन जॉन्स्टन या स्कॉटिश विणकर कवयित्रीला वाचताना मला हा प्रश्न पडला. 'फॅक्टरी गर्ल' या नावाने ती लिहीत असे. आत्मकथन, कविता आणि गाणी असे तिचे पुस्तक १८६७ साली निघाले.

स्कॉटलंडची दप्तरे चोख म्हणून नावाजलेली. लग्नानंतरही बाईचे माहेरचे आडनाव तेथील नोंदींतून पुसले जात नाही. पण जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंद सुरू झाली १ जानेवारी १८५५ रोजी. एलन जन्मली १८३५च्या सुमारास, हॅमिल्टन गावी. लग्नाविना झालेली तिची मुलगी १८५२ सालची. दोन्ही जन्म सरकारी नोंदवहीच्या दाराबाहेरचे! मागे उरतात चर्चची पुस्तके. त्यांत बाप्तिस्मे नोंदले जात. तेही सर्वांचे नव्हेत.

गरिबाची सविस्तर वंशावळ सापडते ती वेगळ्याच ठिकाणी. १८४५च्या गरीब कायद्याखाली मदत मागायला आलेल्याला अधिकारी जन्मगाव, आईबाप, मुलेबाळे विचारून सारे लिहून घेई. कारण सरळ होते : या माणसाचा खर्च कोणत्या पॅरिशच्या माथी मारायचा, हे ठरवायचे होते. ज्याच्या जगण्याची दखल कोणी घेतली नाही, त्याचे कूळ लिहिले गेले ते त्याचा भार कोणी उचलायचा या वादापायी. एलनचा शेवटही १८७०च्या दशकात ग्लासगोच्या बॅरोनी गरीबखान्यातच झाला.

म्हणूनच तिचे आत्मकथन मला महत्त्वाचे वाटते. बाप अमेरिकेला निघाला, आई मागे राहिली; आईने दुसरे लग्न केले; सावत्र बापाच्या घरातून ही पोर पुन्हा पुन्हा पळाली; अकराव्या वर्षाच्या आसपास यंत्रमागावर उभी राहिली. डिसेंबर १८६३मध्ये डंडीच्या गिरणीत मुकादमाने विनासूचना कामावरून काढले, तेव्हा तिने त्याला कोर्टात खेचले आणि खटला जिंकला. ही एलन कोणत्या दाखल्यावर भेटणार?

वॉल्टर स्कॉट वाचलेली ही बाई स्वतःला कादंबरीतल्या नायिकेच्या थाटात रंगवते, हे खरे. सावत्र बापाने नेमके काय केले, तेही ती उघड सांगत नाही. समीक्षकाने हे दोष जरूर दाखवावेत. पण ती जे झाकते त्याबद्दल गप्प राहणे तिला का भाग पडले, हेही त्याने विचारावे. मुलीचा जन्म तिने १८६७ साली न लाजता सांगितला होता. १८६९च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मजकूर गाळला गेला. नोंदवहीत ती नव्हतीच, आता स्वतःच्या पुस्तकातूनही तिचा एक तुकडा गेला.

दप्तराने आत्मकथनातली एखादी तारीख खुशाल दुरुस्त करावी. पण जे दप्तर गरिबाकडे फक्त खर्चाची बाब म्हणून पाहत होते, त्याच्याकडून या बाईच्या खरेपणाचा दाखला मागणे मला मान्य नाही. विद्यार्थ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत, आणि प्रत्येक कागद कोणी, कशासाठी लिहिला, हे आधी विचारावे.