कागद कोणाच्या हातात?

माझे वडील हातगाडीवर रद्दी गोळा करीत. घरात विकत घेतलेले पुस्तक नव्हते. पण १९९० साली बंद पडलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे फाटके मराठी अंक त्या रद्दीत येत. त्यांतला वेताळ हा माझा पहिला नायक. जंगलात पिढ्यानपिढ्या हुकमत चालवणारा गोरा पुरुष आणि भोवती त्याची राखण करणारे काळे, बुटके बांदर. मी नेहमी वेताळाच्या बाजूने असे. वर्गात ‘तादात्म्य’ शिकवताना हे आठवून आजही अवघडल्यासारखे होते.

वेताळ अमेरिकन वर्तमानपत्रांत १९३६ साली अवतरला. तिथल्या चित्रकथांत त्या काळी काळा माणूस बहुधा जाड ओठांचा, भित्रा, हसण्याजोगा नोकर म्हणूनच येई. त्याला उत्तर कोणी दिले, असे विचारले की अभ्यासक ‘जजमेंट डे’चे नाव घेतात. विल्यम गेन्स यांच्या ई. सी. कॉमिक्सने ही कथा १९५३ साली छापली. लेखक अल फेल्डस्टाईन, चित्रकार जो ऑर्लांडो. यंत्रमानवांच्या ग्रहावर नारिंगी आणि निळे असे दोन वर्ग. आतली यंत्रे एकच, वरचे आवरण तेवढे वेगळे. तरी निळ्यांची वस्ती निराळी, कामे हलकी. (रंगाचा हा योगायोग आपल्या वाचकाच्या ध्यानात येईलच.) पृथ्वीवरून आलेला तपासनीस या ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात प्रवेश नाकारतो. परतीच्या वाटेवर शिरस्त्राण काढतो, तेव्हा तो काळा माणूस असल्याचे दिसते.

१९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. कोणत्याही वंशाची टिंगल चालणार नाही, असे कलम तिच्यात होते! तरीही कथेचे पुनर्मुद्रण ठरले तेव्हा संहितेचे प्रशासक, पूर्वीचे न्यायदंडाधिकारी चार्ल्स मर्फी यांनी त्या काळ्या माणसालाच हरकत घेतली. फेल्डस्टाईन यांच्या सांगण्यानुसार, निदान त्याच्या चेहऱ्यावरचा घाम तरी काढा, इथवर घासाघीस आली. गेन्स हटले नाहीत. १९५६ च्या आरंभीच्या अंकात कथा जशीच्या तशी निघाली आणि तो त्यांचा शेवटचा कॉमिक अंक ठरला.

हे धैर्य मी नाकारत नाही. पण कथेतला न्याय वरून येतो, पाहुण्याच्या हातून. निळ्यांना तो आशा देऊन जातो. त्यांनी स्वतः काय करायचे, याला कथेत जागा नाही. आणि गेन्स यांना भांडता आले, कारण छापून आणण्याची ताकद त्यांच्यापाशी होती.

ती नसलेल्या माणसाचा अंक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑरिन एव्हान्स हे फिलाडेल्फियातले कृष्णवर्णीय बातमीदार. १९४७ साली त्यांचे दैनिक ‘रेकॉर्ड’ बंद पडले, तेव्हा त्यांनी ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढले. पाने ४८, किंमत १५ सेंट. इतर कॉमिक्स १० सेंटला मिळत. चित्रकार सगळे काळे, आणि एव्हान्स यांनी ते अभिमानाने छापले होते. ‘एस हार्लेम’ हा त्यांचा गुप्तहेर. ‘लायन मॅन’ हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांनी त्याला गोल्ड कोस्टमधल्या युरेनियमच्या साठ्यावर लक्ष ठेवायला पाठवले आहे. वेताळाच्या जंगलाला हे नेमके उत्तर आहे. राज्य करणारा गोरा इथे नाही. आणि परक्यांचा डोळा या जमिनीतल्या कशावर आहे, तेही इथे सांगितले आहे.

वर्गात हा अंक दाखवला की एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, पण चित्रे कच्ची आहेत ना?” आहेत. शास्त्रज्ञ असूनही लायन मॅन उघड्या अंगानेच वावरतो. ‘शुगरफूट आणि स्नेक ऑइल’मधले दोन भटके जुन्या थट्टेच्या फार जवळ जातात. हे दोष समीक्षकाने झाकू नयेत.

मात्र एव्हान्स यांना दुसऱ्या अंकासाठी छपाईचा कागद विकत मिळू शकला नाही. गोऱ्या प्रकाशकांनी आणि वितरकांनी वाट अडवली, असे अनेकजण मानतात. १९५० साली फॉसेट या बड्या प्रकाशनसंस्थेने ‘निग्रो रोमान्स’ काढले. म्हणजे काळ्या वाचकासाठी छापायला कागद होता. १९२० साली ‘मूकनायक’ची पैसे मोजून द्यायची जाहिरातही ‘केसरी’ने नाकारली होती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

एव्हान्स पुन्हा बातमीदारीकडे वळले आणि १९७१ साली वारले. ‘लायन मॅन’ सुधारला असता की नाही, ते पाहायला दुसरा अंक निघालाच नाही.